गॅस म्हणायच्या आधी एक ईसीजी



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, इंजिनं उघडून ठेवलेली. याच दिवसांत घरातल्या बायकांना थोडी उसंत मिळते, निदान मिळायला हवी, म्हणून ही पोस्ट आत्ता टाकतोय. लांब आहे. पण घरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांची आई, बायको किंवा मावशी पहाटे उठून मासळी घेऊन बाजारात जाऊन बसते, त्यांनी तर नक्कीच.

विषय हृदयविकाराचा आहे, आणि तोही बायकांच्या. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. पन्नाशीचा, सिगरेट ओढणारा, छाती धरून खाली बसलेला. सिनेमात तसाच दाखवतात ना. त्यामुळे जेटीवर एखाद्या तांडेलाने छातीवर हात ठेवला की चार जण धावतात, कुणीतरी गाडी काढतो. तीच तक्रार बाजारात बसलेल्या काकीने केली तर शेजारची तिला सोडा आणून देते. "सकाळपासून पोटात काय नाही गं तुझ्या, गॅस झाला असेल." काकीलाही ते पटतं, कारण पाटीत अजून अर्धी मासळी शिल्लक आहे आणि बर्फ वितळतोय.

सोडा प्यायल्यावर ढेकर येतो, थोडं बरं वाटल्यासारखंही होतं. त्यात एक तास जातो. मग घरी जाऊन पडते, दुपारी मुलगा येईपर्यंत कुणाला सांगत नाही. त्यात आणखी तीन-चार तास. हे तास कुठून परत आणायचे? आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या तासांबद्दल.

हृदय रात्रंदिवस चालणारा पंप आहे आणि त्या पंपाच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते रक्त नेणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. वर्षानुवर्षं त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. पुढचा स्नायू लगेच मरत नाही, पण मिनिटामिनिटाला मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. बारा तासांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा फायदा घटत जातो. मेलेला स्नायू परत होत नाही. माणूस वाचला तरी हृदय कमजोर राहतं, आणि मग पाटी उचलणं सोडाच, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही. ते बरोबर नाही. बायकांमध्येही छातीचा त्रास हेच सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे. फरक असा, की बाई "दुखतंय" म्हणेलच असं नाही. ती म्हणेल, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, जळजळतंय. आणि त्याच्या जोडीला इतर गोष्टी पुरुषांपेक्षा जास्त येतात: काही काम न करता दम लागणं, थंड घाम, मळमळ किंवा उलटी, दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत दुखणं, जबड्यात किंवा मानेत ओढल्यासारखं होणं, हात जड पडणं, अचानक अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं वाटणं. काही बायकांना छातीत खरंच काही होत नाही, नुसतं हे बाकीचंच होतं. मधुमेह असलेल्यांमध्ये हे जास्त घडतं, कारण शुगरमुळे नसा बधिर झालेल्या असतात आणि दुखणं नीट कळत नाही.

आता यातली मळमळ, जळजळ, पाठदुखी आपल्या बायकांना रोजचीच. पहाटेपासून उपाशी, पाणी प्यायचं नाही कारण बाजारात धड शौचालय नाही, ओझं डोक्यावर. मग ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर घरच्या घरी ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नुसतं बघून येत नाही. म्हणूनच ईसीजी काढायचा. आमचं म्हणणं एवढंच: चाळिशी ओलांडलेल्या बाईला यातलं काहीही अचानक सुरू झालं, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर ईसीजी निघेपर्यंत "गॅस" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बीपी-शुगर असेल, मिश्री लावायची सवय असेल, तर वय चाळीसच्या आत असलं तरी हेच. ईसीजी नॉर्मल आला आणि गॅसच निघाला तर उत्तम, हसत घरी या. कुणी नावं ठेवणार नाही.

हे दुर्लक्ष फक्त आपल्याकडचंच, असंही नाही. अमेरिकेतल्या डॉ. बर्नाडिन हिली स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होत्या आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख. त्यांनी १९९१ साली या प्रकाराला "येंटल सिंड्रोम" असं नाव दिलं. येंटल ही एका ज्यू कथेतली मुलगी, शिकायला मिळावं म्हणून पुरुषाचा वेश घेते. हिलीबाईंचं म्हणणं असं होतं की बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. तीसेक वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या बाजारात ती आजही जशीच्या तशी लागू पडते.

कुठे जायचं

बहुतेकांच्या डोक्यात एकच असतं, "बांबोळीला न्या." गोमेकॉवर आपला विश्वास आहे आणि तो बरोबरच आहे, अँजिओप्लास्टी तिथे होते. पण पेडण्याहून बांबोळी पस्तीस-चाळीस किलोमीटर. मोरजी, हरमल, केरीहून त्याहून जास्त, आणि तेरेखोलच्या माणसाला तर आधी फेरीबोट किंवा सिंधुदुर्गातून वळसा. डिचोलीवाल्यांनाही वाटतं तेवढी बांबोळी जवळ नाही. हा सगळा वेळ बाई गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली, उपचार शून्य.

गोवा सरकारने २०१८ च्या अखेरीस "स्टेमी" नावाचा प्रकल्प सुरू केला, तो नेमका यासाठी. स्टेमी म्हणजे ज्या अटॅकमध्ये वाहिनी पूर्ण बंद पडते तो प्रकार. यात तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत आणि जिल्हा इस्पितळांत ईसीजी मशीन ठेवली आहेत. तिथे काढलेला ईसीजी लगेच ऑनलाइन तज्ज्ञांकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येतं. अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत देतात. बाहेर हेच इंजेक्शन हजारो रुपयांना पडतं. मग १०८ रुग्णवाहिकेतून पेशंटला गोमेकॉत पाठवतात, तिथे पुढची अँजिओग्राफी. म्हणजे उपचार वाटेतच सुरू झालेला असतो.

म्हणून गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, शॉक द्यायचं यंत्र असतं, आणि कुठल्या केंद्रात न्यायचं हे त्यांना माहीत असतं. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये यातलं काही नसतं. फोनवर पत्ता सांगताना "बाजाराकडे" असं सांगून उपयोग नाही. देऊळ, चर्च, बार, फेरी धक्का, जे जवळ असेल ते सांगा आणि एकाला रस्त्यावर उभं करा. १०८ लाच खूप उशीर होणार असं कळलं, तर त्यांनाच विचारून जवळच्या केंद्रात न्या.

एक काम मात्र आजच करून ठेवा. आपल्या गावाला जवळचं कुठलं केंद्र, तिथे रात्री आणि रविवारी ईसीजी निघतो का, हे जाऊन विचारून या. बंदीत वेळ आहे.

रुग्णवाहिका येईपर्यंत बाईला बसवून ठेवा, पाठीला टेका द्या, चालवू नका, जिने चढवू नका. खायला-प्यायला घालू नका. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला १०८ वरच्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितली तर द्या. ॲलर्जी असेल, पोटात रक्तस्राव होऊन गेलेला असेल तर आधी तसं सांगा. कुणाची तरी बीपीची गोळी किंवा जिभेखालची गोळी उचलून देऊ नका.

आणि ती कोसळली, हाक मारून उठली नाही, श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा. पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, मदत येईपर्यंत. हे वेगळं लिहायचं कारण आहे. सार्वजनिक जागी बाई कोसळली तर तिच्या छातीला हात लावायला लोक कचरतात. परदेशात मोजून पाहिलंय, तिथेही पुरुषांच्या मानाने बायकांना ही मदत कमी मिळते. लाज बाळगायची ती जागा नव्हे. शेजारी बसलेल्या मासळीवालीने दाबलं तरी चालतं, फक्त कुणीतरी दाबायला हवं.

केंद्रात पोचल्यावर पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल तर लगेच उठून येऊ नका. काही अटॅक पहिल्या ईसीजीत दिसत नाहीत. थोड्या वेळाने परत काढावा लागतो, रक्ताची ट्रोपोनिन नावाची तपासणी असते. "अजून दुखतंय, परत काढाल का?" असं विचारायला संकोच करू नका.

आधीपासून काय दिसतं

२००३ साली अमेरिकेत जीन मॅकस्विनी या नर्स-संशोधिकेने अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं, की आधीच्या महिन्यात काही जाणवत होतं का. सत्तर टक्क्यांनी सांगितलं की कधी नव्हे असा थकवा होता. जवळपास निम्म्या जणींची झोप बिघडली होती. चाळीसेक टक्क्यांना दम लागत होता. अर्थात हे नंतर आठवून सांगितलेलं, आणि थकवा कुणाला नसतो? त्यामुळे थकल्या की धावत सुटा असं आम्ही म्हणत नाही. पण नेहमीची चढण पाटी घेऊन न थांबता चढणारी बाई अचानक मधे दोनदा थांबायला लागली, थांबल्यावर छातीतलं आवळणं किंवा दम जातो आणि चालल्यावर परत येतो, तर ते वय झाल्याचं लक्षण समजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. आणि हेच बसल्या जागी व्हायला लागलं तर आठवडाही थांबायचं नाही.

पाळी चालू असेपर्यंत बायकांना थोडं संरक्षण असतं. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास छापून आला, त्यात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षांनी उशिरा आलेला दिसला. पण मधुमेह असेल तर हे संरक्षण बरंचसं जातं. पाळी लवकर बंद झालेल्यांनाही धोका जास्त. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं किंवा शुगर निघाली होती, त्यांना बाळंतपणानंतर सगळं ठीक झालं तरी पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. मूल आता वीस वर्षांचं झालं असलं तरी डॉक्टरांना हे सांगायचं. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

त्याच इंटरहार्ट अभ्यासात आणखी एक दिसलं, की जगभर बहुतेक अटॅकमागे तीच ती मोजकी कारणं असतात: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटावरची चरबी, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी, हालचाल कमी. यातलं आपल्या घरांत काय बसतं ते पाहू.

तंबाखू म्हटलं की बायका म्हणतात, आम्ही कुठे ओढतो? पण मिश्री? भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळी दातांना लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मिश्री म्हणजे तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, वाहिन्या आकसतात, बीपी चढतं. सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोटाची तक्रार असते, मग बसतं. लेकी-सुनांनी टोमणे मारून सुटत नाही, हेही सांगतो.

दुसरं मीठ. मासळी खाणाऱ्याला हृदयाची काळजी नाही, असं आपण ऐकत आलोय. बांगडा, तारली या तेलकट मासळीतली चरबी हृदयाला चांगली, हे खरंच. हुमणात घातलेली तारली चांगलीच. पण तोच बांगडा रवा लावून भरपूर तेलात तळला, किंवा खारवून सुकवला, तर हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे साधारण एक लहान चमचा, सगळं मिळून. पावसाळ्यात आपलं जेवण पुरुमेंतावर चालतं: सुके बांगडे, सुकी सुंगटं, पारा, लोणचं. पेजेबरोबर रोज एक खारा बांगडा म्हटलं की चमचा तिथेच भरला. बंद करा असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आम्हीही ऐकणार नाही. पण रोज नको. खारी मासळी भिजत घालून पाणी दोनदा बदला, आणि त्या दिवशी वरून मीठ, लोणचं, पापड नको. आगरातलं मीठ आपलं आहे, चवीलाही चांगलं, पण बीपीला ते मीठच.

व्यायामाचं नाव काढलं की बायका हसतात. "दिवसभर राबतो, अजून काय पळायला लावता?" ओझं वाहणं, चालणं याचा फायदा होतोच. पण सकाळी सात ते एक एका जागी पाटावर बसून मासळी विकणं हा व्यायाम नाही, आणि कष्ट करणाऱ्या बाईचं बीपी वाढत नाही असंही नाही. ते वाढलेलं कळतही नाही, कारण दुखत नाही. मशीन लावल्याशिवाय समजत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी मोजायचं. १४०/९० किंवा त्यावर परत परत आलं तर बीपी आहे. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्यावर आली तर खात्रीसाठी परत तपासतात. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर लक्ष द्यायला हवं. शिवणकामाची टेप घरात असतेच.

ताणाबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. १९९० साली जपानमधल्या डॉक्टरांनी एक वेगळाच प्रकार नोंदवला. अटॅकसारखाच त्रास, ईसीजीही तसाच, पण अँजिओग्राफीत वाहिनी बंद नाही. हृदयाचा डावा कप्पा मात्र फुगून खाली गोल आणि वर अरुंद मानेचा झालेला. जपानी मच्छीमार ऑक्टोपस पकडायला समुद्रात मडकी सोडतात, त्याला "ताकोत्सुबो" म्हणतात. आकार हुबेहूब तसा, म्हणून आजाराचं नावही तेच. हा बहुतेक करून पाळी गेलेल्या बायकांना होतो, आणि पुष्कळदा मोठा धक्का बसल्यावर: घरात मृत्यू, भीती, वाईट बातमी. वादळाच्या रात्री होडी परत आलेली नसते तेव्हा घरातल्या बाईचं काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. अशा वेळी तिला छातीत त्रास झाला तर "घाबरलीय, बसेल" म्हणू नका. बहुतेक जणी यातून बऱ्या होतात, पण हा अटॅक आहे की ताकोत्सुबो, हे इस्पितळातच ठरतं.

राहिल्या गोळ्या. अटॅक येऊन गेल्यावर किंवा स्टेंट घातल्यावर दोन-तीन महिन्यांत बरं वाटतं आणि बाई गोळ्या बंद करते. कधी पैसे वाचवायला, कधी "सवय लागेल" म्हणून. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी मधेच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. सरकारी केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, तिथे जायला सोबत लागत असेल तर सोबत द्या. नवऱ्याच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या कितीतरी जणींच्या स्वतःच्या गोळ्या डब्यातच राहिलेल्या असतात.

शेवटी एक कागद. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर काही प्रश्न विचारतात आणि घाईत कुणाला उत्तरं सुचत नाहीत: त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, मेंदूत कधी रक्तस्राव किंवा पक्षाघात झाला होता का, अलीकडे ऑपरेशन झालं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी, वजन किती. किती वाजता ते त्या वेळीच कळणार, बाकीचं आज लिहून ठेवता येतं. चालू गोळ्यांची नावं आणि जुना ईसीजी असेल तर त्याची झेरॉक्सही सोबत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, आणि तो कुठे ठेवलाय ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.